'माची' : पुढे आलेल्या भूमीचे नाव की वस्तीचे?
(सह्याद्रीच्या दुर्गपरिभाषेतील एका शब्दाचा ऐतिहासिक अभ्यास)

सारांश

डोंगराचा वा किल्ल्याचा बाहेर आलेला सपाट भाग म्हणजे 'माची', अशी या शब्दाची व्याख्या पाठ्यपुस्तकांतून व गिरिभ्रमणविषयक लेखनातून रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखात शब्दाची व्युत्पत्ती, राजगड, तोरणा, पुरंदर, राजमाची व प्रबळगड येथील प्रत्यक्ष भूरचना आणि बोलीतील प्रयोग या तीन अंगांनी या व्याख्येची तपासणी केली आहे. पुढे येणे हा माचीचा आकस्मिक गुण असून 'बसण्याची, राहण्याची जागा' हा तिचा मूलार्थ आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : माची, सोंड, सुळका, टोक, बालेकिल्ला, दुर्गपरिभाषा

१. प्रास्ताविक

भूप्रदेश आणि भाषा यांचा संबंध परस्परपोषक असतो. ज्या लोकांचे जीवन डोंगरात गेले, त्यांच्या भाषेत डोंगराच्या प्रत्येक वळणाला, उंचवट्याला आणि फटीला वेगळे नाव असते. सह्याद्रीच्या परिसरातील मराठीत कडा, कातळ, धार, दांड, सोंड, नाळ, खिंड, टोक, सुळका, पदर, माची असे कितीतरी शब्द आहेत. यांपैकी काही शब्द खोलगट भागांचे, तर काही मुख्य डोंगरापासून बाहेर वा वर आलेल्या भागांचे वाचक आहेत. या दुसऱ्या वर्गात 'माची' या शब्दाची गणना सर्रास केली जाते.

ही गणना कितपत योग्य आहे, हा प्रश्न केवळ कोशकारांच्या आस्थेचा नाही. दि. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने पॅरिस येथील ४७ व्या अधिवेशनात 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी हा बारावा. या निमित्ताने माहितीफलक, मार्गदर्शिका व अनुवाद यांचे काम वाढणार हे उघड आहे. अशा लेखनात माचीला कधी पठार, कधी कडेची पायरी, कधी डोंगराची सोंड, तर कधी चक्क बुरूज असे पर्याय दिले जातात. हे चारही शब्द भिन्न वस्तूंचे वाचक आहेत. मूळ शब्दाचा अर्थ आपल्याच मनात निश्चित नसेल, तर अनुवाद नेमका होण्याची अपेक्षा कशी करावी? या विचारातून प्रस्तुत लेखाची मांडणी केली आहे.

२. व्युत्पत्ती : मंचापासून माचीपर्यंत

'माची' हा शब्द संस्कृत 'मञ्च' या शब्दाच्या कुळातील आहे. संस्कृतातील अनुनासिकयुक्त जोडाक्षर मराठीत येताना अनुनासिक क्षीण होऊन आधीचा स्वर दीर्घ होतो, हा परिचित नियम आहे. पञ्च–पाच, दन्त–दात, कण्टक–काटा ही त्याची उदाहरणे होत. याच नियमाने मञ्च–माच, मञ्चक–माचा आणि मञ्चिका–माची ही रूपे सिद्ध होतात. अंत्य 'क' लोपून पुल्लिंगी 'आ' व स्त्रीलिंगी 'ई' येणे हेही घोटक–घोडा, घोटिका–घोडी यांप्रमाणेच आहे.

मराठीत एकाच वस्तूचा मोठा प्रकार पुल्लिंगाने व लहान प्रकार स्त्रीलिंगाने दर्शविण्याची रीत आहे. डबा–डबी, लोटा–लोटी, सुरा–सुरी या जोड्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. माचा म्हणजे खाट वा मोठी बैठक आणि माची म्हणजे लहान बैठक, ही जोडी याच रीतीत बसते. शेताची राखण करण्यासाठी वा शिकारीसाठी खांबांवर उभारलेले 'मचाण' याच कुळातले. हिंदीतील 'मचिया' आणि पंजाबीतील 'मंजी' हे शब्दही त्याचेच सगोत्र होत.

या कुळातील आणखी एका शब्दाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष दिले पाहिजे. तो शब्द म्हणजे 'मंचक'. छत्रपती संभाजी महाराजांनी १६८० मध्ये राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा त्यांचे प्रथम 'मंचकारोहण' झाले. विधियुक्त राज्याभिषेक त्यानंतर जानेवारी १६८१ मध्ये झाला. संभाजी महाराज मोगलांच्या कैदेत पडल्यानंतर फेब्रुवारी १६८९ मध्ये रायगडावर राजाराम महाराजांचेही मंचकारोहणच झाले. म्हणजे राजाने ज्यावर बसावे तो मंचक, रयतेने ज्यावर पाठ टेकावी तो माचा, राखणदाराने ज्यावर रात्र काढावी ते मचाण आणि गडकऱ्याने जेथे घर करावे ती माची. या सर्वांत समान काय आहे? भोवतालच्या भूमीपासून उंचावलेली, सपाट आणि माणसाला टेकू देणारी जागा. 'बाहेर येणे' हा अर्थ या कुळातील एकाही शब्दात मुळात नाही.

याउलट, ज्या शब्दांत बाहेर येण्याचा अर्थ खरोखर आहे, त्यांची घडण वेगळी आहे. 'सोंड' हा शब्द 'शुण्डा' यापासून आलेला असून हत्तीच्या पुढे आलेल्या अवयवावरून तो डोंगराच्या उतरत्या धारेला लागला. 'सुळका' हा 'शूल' याच्या कुळातला. सुळा म्हणजे इतर दातांपेक्षा पुढे आलेला दात, सूळ म्हणजे टोकदार खांब. हे शब्द आकार पाहून दिलेले आहेत, तर माची हा शब्द उपयोग पाहून दिलेला आहे.

३. भूरचना : पायऱ्यांचा डोंगर

सह्याद्रीच्या ज्या भागात हे किल्ले आहेत, तो भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांनी बनलेला आहे. हे प्रवाह एकावर एक जवळजवळ आडवे पसरले. त्यांतील कठीण थर झिजेला दाद देत नाहीत व त्यांचे उभे कडे बनतात. मृदू थर झिजून उतार व सपाट पट्ट्या तयार होतात. त्यामुळे डोंगराची बाजू दुरून पायऱ्यापायऱ्यांची दिसते. या खडकाला भूशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात आणि हा शब्द स्कँडिनेव्हियन भाषांतील 'पायरी' वा 'जिना' या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. युरोपीय भूशास्त्रज्ञांना या डोंगरात जिना दिसला. मराठी माणसाला त्यातील एका रुंद पायरीत बैठक दिसली. जिन्यावरून माणूस चढून जातो, बैठकीवर तो थांबतो. दोन्ही नावे एकाच रचनेची आहेत, परंतु नाव देणाऱ्याचा त्या भूमीशी असलेला संबंध त्यांतून वेगवेगळा प्रकट होतो.

या दृष्टीने प्रत्यक्ष माच्यांचे निरीक्षण केले असता त्यांचे दोन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार बालेकिल्ल्याच्या पोटाशी असलेल्या रुंद पायरीचा. पुणे जिल्ह्यातील पुरंदर हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील माची बालेकिल्ल्याच्या कड्याखाली पसरलेली आहे; ती डोंगरातून कोठेही शेपटीसारखी बाहेर आलेली नाही. लोणावळा-खंडाळ्याच्या उत्तरेस असलेल्या राजमाचीवर श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले असून त्यांच्या खाली पसरलेल्या सपाटीवर उधेवाडी हे गाव आहे. येथे तर संपूर्ण दुर्गाचेच नाव माचीवरून पडले आहे. पनवेलनजीकच्या प्रबळगडाच्या पदरात असलेली प्रबळमाची हीदेखील अशीच एक पायरी असून त्या नावानेच तेथील वस्ती ओळखली जाते.

दुसरा प्रकार मुख्य डोंगरापासून दूरवर गेलेल्या शाखांचा. राजगडाच्या तीन माच्या या प्रकारात मोडतात. पद्मावती माची उत्तरेस, सुवेळा पूर्वेकडे व संजीवनी नैऋत्येकडे पसरली असून संजीवनी माचीची लांबी सुमारे अडीच किलोमीटर आहे. तोरण्याच्या झुंजार व बुधला या माच्याही याच जातीच्या. रूढ व्याख्या बनली ती मुख्यतः राजगड व तोरणा यांच्या आधारे. राजगडाचे चित्र इतके देखणे आणि त्याचे ऐतिहासिक महत्त्व इतके मोठे, की त्याचे वैशिष्ट्य हेच माचीचे लक्षण मानले गेले. परंतु ही व्याख्या पुरंदरला लावली तर पुरंदरला माचीच नाही, असे म्हणावे लागेल. आणि राजमाचीचे नावच चुकीचे ठरेल. जी व्याख्या इतक्या प्रमुख उदाहरणांना वगळते ती सदोष होय.

राजगडातही पद्मावती माचीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. तीन माच्यांत ती सर्वाधिक रुंद असून मंदिर, तलाव व निवासाच्या वास्तू तिच्यावर एकवटल्या आहेत. शिवाजी महाराजांच्या राज्याचे प्रमुख केंद्र म्हणून राजगड सुमारे पाव शतक नांदला, तो या सपाटीच्या आधारावर. पुढे आलेली असल्यामुळे नव्हे, तर नांदती असल्यामुळे ती माची होय.

४. माची आणि युद्ध : दोन वेढ्यांची साक्ष

डोंगराची बाहेर आलेली शाखा ही दुर्गरचनाकारापुढील मोठी अडचण असते. कडा शत्रूला थोपवतो. परंतु सोंडेचा उतार त्याला हळूहळू वर आणतो. शाखा मोकळी सोडली तर शत्रू तिच्यावर मोर्चे लावणार आणि तटबंदीत घेतली तर तट लांबून अधिक शिबंदी लागणार. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील मानल्या जाणाऱ्या 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी गडाजवळ दुसरा उंचवटा असू देऊ नये आणि असल्यास सुरुंगाने तो मोडावा वा गडाच्या ताब्यात आणावा, या आशयाची सूचना केली आहे. या सूचनेमागे प्रत्यक्ष अनुभवाची किंमत होती.

ती किंमत १६६५ मध्ये पुरंदरवर मोजावी लागली. पुरंदरच्या पूर्वेस वज्रगड हा जोडकिल्ला असून मध्ये भैरवखिंड आहे. मिर्झाराजा जयसिंग व दिलेरखान यांनी वेढा घातल्यावर एप्रिलमध्ये प्रथम वज्रगड हस्तगत केला. तेथून पुरंदरची माची तोफांच्या माऱ्यात आली. माचीचे बुरूज ढासळू लागले, मुरारबाजी देशपांडे यांनी याच संग्रामात देह ठेवला आणि जूनमध्ये पुरंदरचा तह होऊन तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. बालेकिल्ला तोवर पडला नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. माची संकटात आली तेव्हाच गडाचे भवितव्य ठरले. कारण माणसे, निवारा आणि साठवण यांचा मोठा भाग माचीवर होता. बालेकिल्ला हा दुर्गाचा मुकुट असेल, पण त्याचा संसार माचीवर असतो.

राजगडावर याच प्रश्नाचे निराळे उत्तर दिसते. तेथे तीनही शाखा तटबंदीत घेऊन प्रत्येक माची स्वतंत्रपणे लढवता येईल अशी योजना केली गेली. संजीवनी माचीवरील दुहेरी तट व चिलखती बुरूज हे या योजनेचे प्रसिद्ध अंग आहे. बाहेरील तट पडला तरी आतील तटावरून लढता यावे आणि माची गेली तरी बालेकिल्ला उरावा, हे तत्त्व त्यात आहे. औरंगजेबाने स्वतः येऊन राजगडास वेढा घातला, तेव्हा फेब्रुवारी १७०४ मध्ये प्रथम खालचा तट मोगलांच्या हाती लागला. परंतु शिबंदीने बालेकिल्ल्यात हटून आणखी काही दिवस प्रतिकार केला आणि नंतरच गड सोडला. पुढच्याच महिन्यात तोरणाही मोगलांकडे गेला. गड शेवटी गेले, हे खरे. परंतु राजगडाची शाखा-शाखांची रचना शत्रूचा वेळ खाण्यासाठी होती आणि तिने तो खाल्ला.

या विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. राजगडावरील शाखा तटबंदी घालण्यापूर्वी केवळ सोंडा होत्या. तट, दरवाजे, टाकी व घरे आल्यावर त्या माच्या झाल्या. निसर्ग सोंड देतो. माची माणूस घडवतो. लोहगडाचे उदाहरण याला पूरक आहे. त्या गडाची सुमारे दीड हजार मीटर लांबीची अरुंद शाखा तटबंदीत घेतलेली असूनही तिची मुख्य ओळख 'विंचूकाटा' या आकारदर्शक नावानेच राहिली. वस्तीला पुरेशी रुंदी नसलेल्या त्या शाखेस लोकांनी प्राधान्याने आकाराचे नाव दिले, हे अर्थपूर्ण आहे.

५. नित्य व्यवहारातील प्रयोग

शब्दाचा अर्थ निश्चित करताना त्याला लागणारे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये हा विश्वसनीय पुरावा असतो. डोंगराळ भागातील बोलण्यात सोंडे'ने' वा धारे'ने' चढतात, टोका'ला' जातात, खिंडी'तून' उतरतात, सुळका चढतात. परंतु माची'वर' राहतात. सोंड हे साधन आहे, टोक ही मर्यादा आहे, खिंड हा मार्ग आहे आणि माची हे अधिष्ठान आहे. 'माचीने चढलो' असा प्रयोग कानाला खटकतो; 'टोकावर आमचे घर आहे' असे कोणी म्हटले तर ऐकणारा दचकतो. गो. नी. दांडेकर यांच्या राजमाचीच्या परिसरातील कादंबरीचे नाव 'माचीवरला बुधा' असे आहे. 'माचीवरला' या एका विशेषणात तो माणूस कोठे राहतो, कोणाचा आहे, हे सारे सामावले आहे. 'सोंडेवरला' वा 'टोकावरला' या शब्दांनी ती आपुलकी व्यक्त झाली नसती.

'टोक' या शब्दाचा व्यवहारातील विस्तारही तुलनेसाठी उपयुक्त आहे. टोकाची भूमिका, टोकाला जाणे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, या सर्व प्रयोगांत जेथे वस्तू संपते त्या बिंदूचा बोध होतो. रायगडावरील टकमक टोक हे कडेलोटाची जागा म्हणून सांगितले जाते, ते या अर्थाशी सुसंगतच आहे. टोकाच्या पुढे काही नसते. माचीच्या बाबतीत असा शेवटाचा बोध कधीच होत नाही.

इंग्रजी अमदानीत या शब्दसंपदेवर नव्या नावांचा थर चढला. महाबळेश्वर येथे १८२८ नंतर थंड हवेचे ठिकाण वसले आणि कड्यांच्या टोकांना अधिकारी व त्यांच्या कुटुंबीयांची नावे मिळाली. मढीमहालाचे आर्थर सीट झाले, नाकेखिंडीचे केट्स पॉइंट झाले. खंडाळ्याच्या नागफणीला ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून 'ड्यूक्स नोज' म्हटले गेले, असे सांगितले जाते. नाक काय आणि फणा काय, दोन्ही नावे बाहेर आलेला आकार पाहूनच दिलेली आहेत. भेद एवढाच, की एकात भोवतालच्या रानातील प्राणी आहे आणि दुसऱ्यात दूरदेशीचा सेनापती. 'पॉइंट' म्हणजे जेथून पाहावयाचे ती जागा. पाहणारा तेथे येतो आणि परत जातो. माचीवरचा माणूस मात्र तेथेच राहतो. म्हणूनच टोकांचे पॉइंट झाले, पण माच्या माच्याच राहिल्या. ज्या शब्दाला वस्तीचा आधार असतो, तो सहजासहजी बदलत नाही.

१८१८ नंतर बहुतेक गडांचे लष्करी महत्त्व संपले व बालेकिल्ले ओस पडले. परंतु माच्या पूर्णपणे ओस पडल्या नाहीत. पुरंदरच्या माचीवर इंग्रजांनी सैनिकांसाठी आरोग्यधाम वसविले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करून ठेवले होते. राजमाची व प्रबळमाची येथील वस्त्या आजही नांदत्या आहेत. सत्ता बदलली, प्रयोजन बदलले. पण सपाट जागा, पाण्याची सोय आणि वरच्या कड्याचा आडोसा या कारणांनी माची राहण्यास योग्य ठरत गेली.

६. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) 'माची' हा शब्द मंच–मंचिका या कुळातील असून उंचावलेली, सपाट, टेकू देणारी जागा हा त्याचा मूलार्थ आहे.

२) डोंगरापासून पुढे येणे हे काही माच्यांचे वैशिष्ट्य आहे, माचीचे लक्षण नव्हे. राजगड-तोरण्यावरून बनलेली व्याख्या पुरंदर, राजमाची व प्रबळमाची यांना लागू पडत नाही.

३) सोंड, टोक व सुळका हे आकारवाचक शब्द होत, माची हा उपयोगवाचक शब्द होय. हा भेद व्युत्पत्ती, दुर्गरचना आणि बोलीतील प्रयोग या तिन्ही पुराव्यांनी पुष्ट होतो.

४) यास्तव 'बालेकिल्ल्यापेक्षा खालच्या पातळीवरील, वस्तीस व बचावास योग्य अशी डोंगराची सपाटी, ती बालेकिल्ल्याच्या पोटाशी असेल वा शाखेच्या रूपाने पुढे गेलेली असेल' अशी माचीची व्याख्या करणे उचित ठरेल.

या व्याख्येचा एक व्यावहारिक परिणाम आहे. माचीला आपण केवळ बाहेर आलेला खडक समजलो, तर तिचे जतन म्हणजे तटाच्या दगडांची डागडुजी एवढाच अर्थ उरतो. ती राहण्याची जागा आहे असे मानले, तर टाकी, जोती, वाटा, देवळे आणि जेथे आजही माणसे राहतात तेथे ती माणसे, हे सारे वारशाचा भाग ठरतात. गडाच्या घेऱ्यात रामोशी, महार, मांग, कोळी आदी समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या पहारे केले. माचीवर शिबंदीची कुटुंबे नांदली. त्यांची नावे बखरींत क्वचितच आली. त्यांच्या राहण्याची साक्ष मात्र या एका शब्दात टिकून आहे. माहितीफलकावर त्याचा पर्याय शोधण्याऐवजी 'माची' हाच शब्द ठेवून खाली त्याचा अर्थ द्यावा, एवढी सूचना या लेखाच्या शेवटी करणे आवश्यक वाटते. महाविद्यालयीन अभ्याससहलींच्या वेळी प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना माचीचा पसारा दाखवितानाच तिच्यावरील एखादे जोते व त्याजवळचे पाण्याचे टाकेही दाखवावे. शब्दाचा अर्थ तेथे अधिक सहजतेने उमगेल.